बिनशर्त

एकतीस वर्षं मी पगार घेतला तो मुख्यतः दुसरे बोलत असताना गप्प बसून लिहिण्याचा. भिवंडीतल्या एका महाविद्यालयात मी कारकून म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. दाखले देणं, परीक्षेचे फॉर्म विद्यापीठात पोचवणं, मुलांची भांडणं सोडवणं हे सगळं होतंच. पण ज्यासाठी मला मुद्दाम घेतलं ते काम विश्वस्तांच्या सभांचं होतं. माझं आडनाव टिपणीस. मुलाखतीच्या वेळी एक विश्वस्त हसून म्हणाले होते, अर्ज तर आडनावातच आलाय, आता विचारायचं काय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉलेज प्राचार्य चालवतात. प्राचार्य वर्ग चालवतात. कॉलेज कुठे असावं, कोणते विषय असावेत, कोणाला नेमावं हे विश्वस्त ठरवतात, आणि त्यांनी ठरवलेलं विद्यापीठाला पटावं लागतं. आमच्या घटनेप्रमाणे विश्वस्त सात. त्यातले पाच आले तरच सभा भरायची. आठ दिवस आधी मी विषयपत्रिका घरोघर पोचवायची. सभेत एका कोपऱ्यात बसून लघुलेखनात टिपणं घ्यायची. दुसऱ्या दिवशी चिटणीस इतिवृत्त सांगायचे आणि मी ते मोठ्या रजिस्टरात शाईने उतरवायचे. पुढच्या सभेत ते 'वाचून कायम' व्हायचं आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या व्हायच्या. एकदा सह्या झाल्या की आधीची सभा म्हणजे रजिस्टरात लिहिलेलं, तेवढंच. खोलीत आणखी काय बोलणं झालं हे मग कोणी विचारत नाही.

विश्वस्तांच्या तऱ्हा सांगायच्या तर पानं पुरणार नाहीत. एक गृहस्थ प्रत्येक ठरावाला 'माझा विरोध नोंदवा' म्हणायचे आणि चहा आला की माझ्या खुर्चीजवळ येऊन 'ते राहू दे हो बाई' असं पुटपुटायचे. दुसरे एक दर सभेत झोपायचे आणि मतदानाच्या वेळी न चुकता जागे व्हायचे. ही गंमत झाली. मला जी गोष्ट सांगायची आहे ती चौघापाचांची आहे, आणि त्यातली एक मी.

अध्यक्ष होते डॉक्टर करंदीकर. गावातले जुने डॉक्टर, अर्ध्या भिवंडीला त्यांनी सुई टोचलेली. कॉलेज काढायची कल्पना त्यांची. इथली मुलं शिकायला ठाणे-कल्याणला जातात आणि मुली तर बारावीनंतर घरीच बसतात, हे त्यांना खुपायचं. चिटणीस होते दातार वकील. हुशार, टापटीप माणूस, कागदात एक स्वल्पविराम चुकला तरी पान पुन्हा लिहायला लावणारे. इस्माईलभाई लूमवाले होते. पॉवरलूमच्या धंद्यातलं मोठं घर, बोलणं मोजकं आणि अर्धं हिंदीत. आणि चौथे हिराजी नाना. शेलारच्या पुढे खाडीकाठच्या एका गावातले आगरी शेतकरी. त्यांना सही करता यायची, वाचता येत नव्हतं. ज्या जमिनीवर आज कॉलेज उभं आहे ती त्यांची.

पहिली सभा भरली तेव्हा कॉलेजला स्वतःची एक खुर्चीही नव्हती. नगरपालिकेच्या शाळेतला एक वर्ग मागून घेतला होता. विश्वस्त मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. मी चोवीस वर्षांची, नोकरीचा दुसरा आठवडा. जमिनीचा विषय निघाला तेव्हा नाना उठून उभे राहिले. त्यांना बसून बोला असं दोघा-तिघांनी सांगितलं, तरी ते उभेच राहिले.

"जमीन देतो," ते म्हणाले. "पन माजी एक अट हाय. आमची खाडीकाठची सहा गावा हायत. त्यातला जो शिकून या दारात येल, त्याला परत लावायचा न्हाय. पोरगा असू दे, पोरगी असू दे. मारकं कमी असली तरी न्हाय."

त्यांनी सहाही गावांची नावं घेतली. डॉक्टर म्हणाले, अहो नाना, कॉलेज कोणासाठी काढतोय आपण? दातार वकिलांनी मान हलवली. इस्माईलभाई म्हणाले, बराबर आहे. सगळे हो म्हणाले आणि टाळ्या वाजल्या. मी नानांचा शब्द न् शब्द टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी दातारांनी सांगितलेलं इतिवृत्त असं होतं: 'श्री. हिराजी यांनी संस्थेस जमीन बिनशर्त देण्याचे मान्य केले. सभेने त्यांचे आभार मानले.' मी पेन थांबवलं. नानांनी अट घातली होती, असं हळूच म्हटलं. दातार रागावले नाहीत. त्यांनी मला नीट समजावलं. अटीची जमीन दाखवली तर विद्यापीठ मान्यता देणार नाही, आणि मान्यता नसेल तर नानांच्या सहा गावांनाच काय, कोणालाच कॉलेज मिळणार नाही. नानांना दिलेला शब्द आपण पाळूच, तो कागदावर कशाला हवा? मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं नसतं तरी मी लिहिलंच असतं. मी 'बिनशर्त' लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं.

पुढच्या सभेत वेळ कमी होता म्हणून मागचं इतिवृत्त 'वाचल्याचे समजून' कायम केलं. रजिस्टर हातोहात फिरलं. नानांनी माझ्याकडून पेन घेतलं, आपलं नाव सावकाश लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून थांबले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी चौऱ्याऐंशीची दंगल झाली. तिच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, ज्यांनी पाहिली त्यांना सांगायची गरज नाही. दंगलीनंतरची आमची पहिली सभा मात्र सांगितली पाहिजे. पुढच्या वर्षाच्या मान्यतेचा अर्ज ठराविक दिवसाच्या आत जायला हवा होता आणि त्यासाठी ठराव लागत होता. सभा डॉक्टरांच्या दवाखान्यात बोलावली. चार जण आले. पाचवा माणूस येईना. एक गावाला गेले होते, एक आजारी होते, आणि इस्माईलभाईंच्या मोहल्ल्यातून कोणी या बाजूला येत नव्हतं. त्यांचे लूम जळाले होते. नानांच्या पुतण्याचं दुकान गेलं होतं. पाऊण तास सगळे रस्त्याकडे बघत बसले. मग नाना चपला घालून बाहेर पडले. डॉक्टर दारापर्यंत त्यांच्या मागे गेले, थांबा म्हणाले, पण ते थांबले नाहीत. अर्ध्या तासाने नाना आणि इस्माईलभाई दोघं रस्त्याच्या मधून चालत आले. मी रजिस्टरात लिहिलं: 'पाच विश्वस्त उपस्थित. गणपूर्ती झाली.'

कॉलेज वाढलं. नानांच्या जमिनीवर आधी चार खोल्या, मग वरचा मजला झाला. जमीन अजून नानांच्याच नावावर होती. वापरायला परवानगी असल्याचं त्यांचं एक पत्र फक्त आमच्या फायलीत होतं. दरवर्षी विद्यापीठ तात्पुरती मान्यता द्यायचं आणि दरवर्षी कायम मान्यतेसाठी जागा संस्थेच्या नावे करा असं लिहायचं. नाना म्हणायचे, करू. घाई कोणालाच नव्हती. पहिली काही वर्षं खाडीकाठची मुलं आपोआप येत होती, कारण जागा रिकाम्या होत्या. अट पाळली जातेय की नाही हे बघायची वेळच आली नाही.

ती आली दशक संपता संपता. प्राचार्य सबनीस नवे आले होते, शिस्तीचे आणि सरळ. कॉलेजचं नाव झालं होतं. एका तुकडीत किती मुलं घ्यायची ते विद्यापीठ ठरवून देतं, आणि अर्ज त्याच्या दुपटीने येऊ लागले. टक्क्यांप्रमाणे यादी लागू लागली. त्याच वर्षी विद्यापीठाने निर्वाणीचं पत्र पाठवलं. कायम मान्यतेसाठी समिती पाहणीला येणार, त्याआधी जमिनीचं बक्षीसपत्र नोंदलेलं हवं. नाहीतर पुढच्या वर्षी प्रथम वर्षाला प्रवेश देता येणार नाहीत. नानांनी सही करायचं कबूल केलं. दातारांनी बक्षीसपत्राचा मसुदा केला आणि त्यात पहिल्या सभेच्या इतिवृत्तातला शब्द जसाच्या तसा घेतला.

त्या जूनमध्ये वनिता नावाची मुलगी माझ्या खिडकीशी आली. नानांच्या शेजारघरची, वडील खाडीत रेती काढायचे. त्यांच्या गावातून बारावी झालेली ती पहिली मुलगी. टक्के त्रेचाळीस. यादी तिच्या बरीच वर बंद झाली होती. ती दोन दिवस व्हरांड्यातल्या बाकावर फॉर्म मांडीवर धरून बसली. कोणी गळालं तर जागा मिळेल असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं आणि फॉर्मवर 'प्रवेश बंद' असा शिक्का मारून तो परत दिला. ती म्हणाली, हिराजी नानांनी सांगितलं होतं की आमच्या गावाला परत लावत न्हाय. मी म्हटलं, तसा काही नियम नाही. हे मी म्हटलं. आजही ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू येतं.

तीन दिवसांनी नाना आले. दुपारची वेळ, प्राचार्य विद्यापीठात गेले होते, कार्यालयात मी एकटीच. नानांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्या सभेचं रजिस्टर काढायला सांगितलं. रजिस्टरं कपाटात कुलपात असायची आणि आपल्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही दाखवायची नाहीत, अशी दातारांची ताकीद होती. पण नाना 'कोणीही' नव्हते. विश्वस्ताला रजिस्टर बघायचा हक्क आहे, हे मला दातारांनीच शिकवलं होतं. मी किल्ली लावली.

"वाच," नाना म्हणाले. "जमिनीचं काय लिवलंय तेवडं वाच."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"बिनशर्त म्हंजे?"

"म्हणजे काही अट न घालता."

"मंग मी बोललो ते?"

"ते यात नाही."

ते जरा वेळ रजिस्टरातल्या आपल्या सहीकडे बघत राहिले. वाचता येत नसलं तरी ती त्यांना ओळखू येत होती.

"तू व्हतीस ना तवा?"

"होते, नाना."

"तुला ऐकू आलं व्हतं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. समिती आठ दिवसांवर आली होती. माझ्या मनात वर्गात बसलेली सगळी मुलं येऊन गेली, माझी नोकरी येऊन गेली, घरी असलेली चार वर्षांची मुलगी येऊन गेली.

"आलं होतं," मी म्हटलं. "मला सांगितलं तसं मी लिहिलं."

नाना रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, पटका बांधला आणि निघून गेले.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बक्षीसपत्रावर सही करायचा दिवस ठरलेला होता. डॉक्टर, दातार, साक्षीदार सगळे सकाळपासून तिथे थांबले. नाना आले नाहीत. माणूस पाठवला तर निरोप आला की सही करायची न्हाय. दातार तिथून थेट कॉलेजात आले. ते खिडकीशीच उभे राहून बोलले. त्यांचा आवाज एरवीसारखाच होता. मी संस्थेचे कागद परवानगीशिवाय दाखवले, विश्वस्तांमध्ये गैरसमज पसरवला, आणि उद्या कॉलेज बंद पडलं तर ते माझ्यामुळे पडेल असं ते म्हणाले. मग त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की मी इतिवृत्ताचा चुकीचा अर्थ सांगितला आणि पहिल्या सभेत कोणतीही अट चर्चेला आली नव्हती. खाली माझ्या नावाची जागा मोकळी होती. तो कागद नानांना दाखवायचा होता.

मी म्हटलं, उद्या देते.

मी न्यायालयातल्या कारकुनाची मुलगी. वडिलांनी मला नोकरी लागली तेव्हा एवढंच सांगितलं होतं की साहेब काय लिहायला लावतील ते साहेबाचं, पण स्वतःचं टिपण फाडायचं नाही. मी एकही वही फाडली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि पहिल्या वर्षाची वही शोधली. पेन्सिलीच्या खुणा पुसट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या. सहाही गावं होती. माझे यजमान दारात उभे राहून बघत होते. नोकरी गेली तर काय करायचं असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, आधी जाऊन तर ये.

त्या दिवशी दुपारी तातडीची सभा होती. ग्रंथालयात टेबलं जोडून बसायची सोय केली होती. नाना सोडून सहाही आले होते. नेहमीप्रमाणे मी कोपऱ्यात बसले आणि टिपणं घ्यायला वही उघडली. दातारांनी सगळी हकीकत सांगितली, नेमक्या शब्दांत. कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे पेच उभा राहिला आहे, त्या लेखी खुलासा देणार आहेत, तो घेऊन अध्यक्षांनी नानांकडे जावं, असं सुचवलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. सभेत मी कधी बोलले नव्हते. मला विचारल्याशिवाय बोलायचा अधिकारही नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, "टिपणीसबाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी उठून जुनी वही टेबलावर ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. नाना बोलले तसं, त्यांच्याच शब्दांत, सहा गावांच्या नावांसकट. शेवटी 'सर्वांची संमती, टाळ्या' असं लिहिलं होतं, तेही वाचलं. वाचून झाल्यावर दातारांनी वही आपल्याकडे ओढली, दोन पानं उलटली आणि परत सरकवली.

"या खुणा इथे फक्त यांनाच वाचता येतात," ते म्हणाले. "त्या सांगतील ते आपण खरं मानायचं?"

त्यांचं बरोबर होतं. ती वही म्हणजे बाकीच्यांसाठी नुसत्या रेघोट्या होत्या. माझ्याजवळ दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. डॉक्टर मान खाली घालून चष्मा पुसत होते. दर सभेत विरोध नोंदवायला लावणारे गृहस्थ छताकडे बघत होते. मला बाहेर वर्गात कोणीतरी तास घेत असल्याचा आवाज येत होता.

मग इस्माईलभाई बोलले. ते दातारांशी बोलले, पण बघत होते डॉक्टरांकडे.

"वकीलसाब, कापी पढ़ने की जरूरत नहीं. मैं उस दिन नाना के बाजू में बैठा था. नाना ने शर्त रखी थी. हम सबने हाँ कहा था, मैंने भी. बाद में जो लिखा गया, उस पर मैंने दस्तखत किया, बगैर पढ़े. बाई की गलती है तो मेरी भी है."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मीही हो म्हटलं होतं," ते म्हणाले. "आणि मी वाचून सही केली होती."

दातार वकिलांनी फायलीची फीत बांधायला घेतली. मला वाटलं ते उठून जातील. पण ते म्हणाले, कायम झालेलं इतिवृत्त आता बदलता येत नाही, नवा ठराव करावा लागेल. प्राचार्य सबनीसांना आत बोलावलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की गावाच्या नावावर जागा राखून ठेवणं विद्यापीठाच्या नियमात बसत नाही, आणि तसं केलं तर उद्या कोणीही न्यायालयात जाईल. पुन्हा सगळे अडले. तासभर वाद झाला. अखेर सबनीसांनीच वाट काढली. जादा तुकडी मागायची. जागा पुरेशा असल्या तर टक्क्यांवरून कोणाला परत पाठवायचा प्रश्न येत नाही. दातारांनी ठराव तोंडी सांगितला आणि मी लिहून घेतला. नानांनी जमीन देताना अट घातली होती, सभेने ती मान्य केली होती, ती इतिवृत्तात यायची राहिली, आणि सहा गावांतल्या एकाही विद्यार्थ्याला परत जावं लागू नये म्हणून संस्था जादा तुकडी मिळवून चालवील. एकही शब्द ढिला नव्हता. इतका पक्का ठराव मी त्यांच्याकडून आधी किंवा नंतर लिहून घेतला नाही.

सभा संपल्यावर कागद गोळा करताना ते माझ्याजवळ थांबले. "बाई, मी खोटं नव्हतं लिहिलं," ते म्हणाले. "सोयीचं लिहिलं होतं." त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी चिठ्ठीतूनच बोलले.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर, इस्माईलभाई आणि मी नानांच्या घरी गेलो. नाना अंगणात जाळं विणत बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला घोंगडी टाकली, पण हातातलं काम ठेवलं नाही. डॉक्टरांनी माफी मागितली. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या माणसांना दरडावणारे डॉक्टर, अंगणात मांडी घालून हात जोडून बसले होते. नाना मला म्हणाले, वाच. मी ठराव वाचला. गावांची नावं आली तेव्हा ते प्रत्येक नावाला एकेक बोट मिटत होते.

"वनिताला घेतली का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं की प्रवेशाची मुदत संपली, यंदा आता काही करता येत नाही, आणि जादा तुकडी मंजूर झाली तर ती पुढच्या जूनपासून.

"म्हंजे ती पोर गेलीच."

"पुढच्या वर्षी पहिला प्रवेश तिचा, नाना. मी स्वतः येऊन सांगेन."

असं वचन द्यायचा मला काही अधिकार नव्हता, पण मी दिलं. नानांनी जाळं बाजूला ठेवलं. समिती यायच्या आदल्या दिवशी त्यांनी बक्षीसपत्रावर सही केली. मसुद्यातला 'बिनशर्त' शब्द दातारांनी आपल्या हाताने खोडला होता. विद्यापीठाच्या समितीने कागद पाहिले, दोन प्रश्न विचारले, ग्रंथालयातली पुस्तकं मोजली आणि जेवून गेले. अटीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ज्या भीतीपोटी सगळं झालं ती भीती खरी होती का, हे मला आजही सांगता येणार नाही. जादा तुकडी त्याच वर्षी मंजूर झाली.

पुढच्या मे महिन्याच्या शेवटी मी वनिताच्या घरी गेले. तिची आई भांडी घासत होती. तिने हात न थांबवता सांगितलं की माघातच तिचं लग्न लावून दिलं, कशेळीला. पोरगी घरात बसून काय करणार होती? मी परत आले. चार दिवस मला कामात लक्ष लागलं नाही. पाचव्या दिवशी रजा टाकून मी कशेळीला गेले.

घर खाडीच्या बाजूला होतं. वनिता दारात सुकी मासळी उलटत होती. मला बघून तिने पदर खोचला आणि आत जाऊन पाणी आणलं. मी जादा तुकडीचं सांगितलं, जागा तिच्यासाठी ठेवल्याचं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. सासूला विचारायलाही ती उठली नाही. मला ते आता जमायचं न्हाय, एवढंच म्हणाली. मग आतल्या खोलीकडे मान वळवून तिने नणंदेला हाक मारली. एक बारीक चणीची मुलगी दारामागे येऊन उभी राहिली.

"हिनं यंदा बारावी केलीय," वनिता म्हणाली. "पंचेचाळीस टक्के. तुमच्या ठरावात कशेळी हाय का?"

नव्हती. सहा गावं मला पाठ होती. त्यात कशेळी नव्हती.

त्या दिवशी मी पुन्हा 'तसा काही नियम नाही' असंच म्हणू शकले असते, आणि ते खरंही असतं. मी तिला म्हटलं, मला दोन आठवडे दे. पुढच्या सभेची विषयपत्रिका तयार करताना, कोणी न सांगता, मी शेवटी एक विषय घातला: 'खाडीकाठच्या इतर गावांचा विचार करणे.' दातारांनी मसुदा तपासला. त्या विषयावर त्यांची पेन्सिल बराच वेळ टेकून राहिली. मग त्यांनी 'इतर' खोडून 'सर्व' केलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. सभेत इस्माईलभाईंनी विचारलं की खाडीकाठावर आमचेही मोहल्ले आहेत, ते यात आले का? नाना म्हणाले, सर्व म्हंजे सर्व. त्या विषयाला तीन मिनिटंही लागली नाहीत.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोघी आल्या. नणंद घाबरून इतकी गप्प होती की वनितानेच खिडकीशी उभं राहून तिचा फॉर्म भरला. तिचं अक्षर सुरेख होतं. मागच्या वर्षी तो फॉर्म परत करताना मी ते पाहिलंही नव्हतं. सगळे रकाने भरून झाले, शेवटी पालकाची सही राहिली. मी म्हटलं, घरी नेऊन वडिलांची सही आण. वनिता म्हणाली, आजच द्यायचाय, मी पालक म्हणून चालणार न्हाय का?

फॉर्मवर नुसतं 'पालक' असं छापलं होतं. मी म्हटलं, चालेल. तिने सही केली, आणि 'विद्यार्थ्याशी नाते' असं लिहिलेल्या जागी 'वहिनी' असं लिहिलं. वनिता तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मी फॉर्म घेतला आणि जादा तुकडीच्या यादीत पहिलं नाव तिच्या नणंदेचं लिहिलं.